सुईबाईचा इंग्रजी शब्द

सुईबाईचे कान फार तिखट होते. बैलांच्या घुंगरांवरून गाडी कुणाची ते ती न बघता सांगायची. फक्त 'न्हाई' एवढा एक शब्द तिला ऐकू यायचा नाही. तुम्ही न्हाई म्हणा, उद्या या म्हणा, चालत्या व्हा म्हणा, तिचं उत्तर एकच. "बरं." आणि बरं म्हणून ती जागची हलायची नाही. भांडण नाही, समजावणं नाही. काळी छत्री जमिनीला टेकवायची, मुठीवर दोन्ही हात ठेवायची, आणि एस.टी.ची वाट बघावी तशी तुमच्या तोंडाकडं बघत राहायची. माणूस किती वेळ न्हाई म्हणणार? तोंड दुखतं.

तिसगावच्या अंगाला तेव्हा मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथं ती नर्स होती. माहेर श्रीरामपूरचं, ख्रिस्ती घरातली. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, असं लोक सांगायचे. तिला कुणी विचारलं नाही. वयानं माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल. ठेंगणी, सावळी, पांढरं पातळ आणि पायात पुरुषी वहाणा. तिचं नाव चांगलं होतं, पण गावोगाव सुया टोचत फिरायची म्हणून आमच्या भागात तिला सगळे सुईबाईच म्हणायचे. मीही तेच लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे. माझ्या लिहिण्याला कुणी नावं ठेवली तर खुशाल ठेवावी, मी एक अक्षर बदलणार नाही.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात मला खोकला लागला. आधी कोरडा, मग ओला, मग एक दिवस नांगर सोडून बांधावर बसलो आणि थुंकलो तर लाल. मी पायानं माती ओढून ते बुजवलं. दुसऱ्या दिवशी परत बुजवलं. बायकोपासून, गयापासून, ते लपवायला मी रानातच थुंकायला जायचो. पण बायकोपासून खोकला लपतो होय? तिनं एक दिवस धोतराचा सोगा धुवायला घेतला, डाग बघितला, आणि सरळ दवाखान्याची वाट धरली.

मला मरणाची भीती नव्हती असं म्हणणार नाही. पण दुसरी एक भीती त्याहून मोठी होती. माझा चुलता ह्याच रोगानं गेला. त्याला घरात ठेवला नव्हता. गोठ्याच्या मागं चार काठ्यांवर पाचट टाकून पाल केलं होतं, त्यात तो पडून असायचा. माझी आजी त्याची सख्खी आई, पण भाकरी ती जमिनीवर ठेवायची आणि लांब लाकडानं त्याच्याकडं सरकवायची. चुलता ते लाकूड बघून तोंड फिरवून घ्यायचा. तेव्हा टी.बी. कळली म्हणजे माणूस मेला तरी, किंवा लाकडापलीकडं गेला तरी. मला त्या लाकडाची भीती होती.

सुईबाई पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा मी म्हणालो, "मला काय झाल्यालं न्हाई."

"बरं," ती म्हणाली, आणि गयाला चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं.

तिच्या पिशवीत एक चपटी डबी असायची. तीत सुई आणि काचेची नळी. ती डबी पाण्यात उकळेपर्यंत ती सगळ्या घराची चौकशी करायची. शेळी व्याली का, म्हातारीचे गुडघे कसे आहेत, चुलीचा धूर कुणीकडं जातो. मला वाटायचं बाई गप्पिष्ट आहे. नंतर कळलं, ती बोलता बोलता घरात आणखी कोण खोकतं ते ऐकत असायची. त्या सुईनं कुणाकुणाचे कान जातात, म्हणून सुई मारली की विचारायची, "कानात शिट्टी वाजते का?" न्हाई म्हटलं की मान हलवायची. एवढं एक न्हाई तेवढं तिला ऐकू यायचं.

सुईचं मला काही नव्हतं. मला राग होता तो गोळ्यांचा. मूठभर पांढऱ्या गोळ्या, कडू जहर. मी त्या गालात धरायचो, पाणी प्यायचो, आणि ती वळली की मागच्या दारी थुंकायचो. एक दिवस तिनं मला तसंच उभं केलं आणि मागच्या दारी जाऊन आली. म्हणाली, "किसनराव, तुमच्या कोंबडीला टी.बी. नाही. तिचं औषध बंद करा." गया पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसापासून गोळी गिळली की मला लहान पोरासारखी जीभ वर करून दाखवावी लागायची. पंचवीस वर्षांचा बाप्या माणूस मी, दारात उभा राहून जीभ दाखवतोय. गावातला कुणी बघेल म्हणून माझा जीव टांगणीला लागायचा.

पावसाळा सरेपर्यंत माझा ताप गेला, खोकला गेला. अंगावर मांस आलं. सुया रोजच्या बंद होऊन आठवड्याला दोनवर आल्या. आमच्या हिशोबानं मी बरा झालो होतो. आमच्याकडं हा हिशोब सगळ्यांचा तोच: उठून कामाला लागता आलं म्हणजे रोग गेला. मग औषध कशाला? सुईबाई म्हणायची, "दीड वर्ष. एक दिवस कमी नाही." मी म्हणायचो, बाईला पगार मिळतो तिचं काम वाढवायचा.

आणि दसरा झाला. पाथर्डी तालुक्यात दसरा झाला की निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. आमचंही मुकादमाशी बोलणं झालेलं होतं. तिथं एकटा माणूस चालत नाही, नवराबायको दोघं मिळून एक 'कोयता' धरतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. त्यातला एक पडला की कोयता मोडला. म्हणून मी काही आजारी नव्हतोच. पहाटे गाडी जुंपली, भांडी, कोंबड्या आणि गयाला वर बसवलं आणि टोळीबरोबर श्रीरामपूरच्या बाजूच्या कारखान्याची वाट धरली. सुईबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बैलांपुढं छत्री टेकवून उभी राहिली असती.

आमचा अड्डा पाटाच्या कडेला पडला होता. अड्डा म्हणजे तोडकऱ्यांच्या कोप्यांची रांग, बांबूच्या तट्ट्या उभ्या करून वरून पाचट टाकलेली. दहाबारा दिवस झाले असतील. मी फडात तोडत होतो. कुत्री का भुंकतात म्हणून मान वर केली, तर उसाच्या शेंड्यांवरून एक काळी छत्री येताना दिसली. माझ्या हातातला कोयता तसाच राहिला. गया मोळी सोडून उभी राहिली. म्हणाली, "आली बया!" तिच्या आवाजात भीती होती का आनंद होता, ते मला आजही सांगता येत नाही.

मी पळत बांधावर गेलो. "बाई, तुमी हितं कशा? कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. गावात विचारलं तर प्रत्येकानं वेगळा कारखाना सांगितला. मग मी रस्त्याला विचारत आले. एक शिंग खाली वळलेला पांढरा बैल गेला का? प्रत्येक मुक्कामाला कुणी ना कुणी बघितलेला होता. तुम्ही लक्षात राहत नाही हो, बैल राहतो. कानात शिट्टी?"

मी हात जोडले. म्हणालो, "मुकादमाला कळलं तर कोयता मोडंल. मला हाकलत्याल. हितं कोप्या एकमेकाला चिकटलेल्या हायत, समद्यांचं पानी एक. लोक ऱ्हाऊ देनार न्हाईत."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं आता उभी राहणार. पण तिनं इकडंतिकडं बघितलं आणि पाटाच्या खालच्या अंगाला बाभळीचं बन होतं तिकडं छत्री दाखवली. "तिथं या. दर बुधवारी आणि रविवारी, दुपारी. गयाबाईला पाणी उकळून आणायला सांगा. मी कुणाला काही सांगत नाही."

"पन तिसगावास्नं तुमी दर..."

"माझी आई आजारी आहे. हंगामभर मी श्रीरामपूरलाच आहे, तिथल्या दवाखान्यात."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाई काही माझ्यासाठी आलेली नाही. पुढं एकदा मी गाडीच्या आसाला तेल आणायला श्रीरामपुरात गेलो, तर वाटेत तिनं सांगितलेली वस्ती लागली. म्हटलं म्हातारीला बघून यावं. म्हातारी अंगणात उखळात मिरच्या कुटत होती. मुसळ असं आपटत होती की जमीन हलावी. मी विचारलं, "तब्येत कशी हाय आता?" म्हातारी म्हणाली, "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तू कोण?"  तेल घेतलं आणि परत आलो. सुईबाईला हे कधी बोललो नाही. तिचं खोटं मी तिच्यापाशी राहू दिलं.

तर बुधवारी आणि रविवारी मला सकाळपासून भय वाटायचं. सुईचं नव्हे, लोकांचं. दुपारची भाकरी खाल्ली की मी टमरेल घेऊन बनाकडं जायचो. कुणी बरोबर येतो म्हणालं की मी पोट बिघडलंय म्हणून पुढं पळ काढायचो. खोकला आता नव्हता, तरी घसा खाकरताना मी चार बाजूंना बघायचो. कोपीतून मुकादमाचा नुसता आवाज आला, "किसन्या!" असा, तरी वाटायचं, कळलं. गया माझ्यामागून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गरम पाण्याचा तांब्या लपवून आणायची. आणि सुईबाई तिथं असायचीच. ऊन असो, वारं असो. एकदा मी मुद्दाम गेलो नाही. म्हटलं बघू. सांजच्याला गया पाण्याला गेली तर बाई बाभळीखाली तशीच उभी. दुपारपासून.

माणसं आंधळी नसतात. त्यांना छत्री दिसली, मी बनात जाताना दिसलो. गया मागून येते ते कुणी बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. मला कशाचा पत्ता नव्हता. पाण्यावर बायका काय बोलतात ते बाप्यांपर्यंत उशिरा येतं. शेजारच्या कोपीत पारू नावाची बाई होती, तोंडानं तिखट. ती गयाला म्हणायची, "तुज्या सवतीचा आज वार हाय न्हवं गं? नवऱ्याला तेल लावून धाडलंस का?" गया खाली मान घालून घागर भरायची. मी तिला शपथ घातलेली होती, रोगाचं नाव काढायचं नाही. ती शपथ तिनं दातांत धरली होती.

एका रविवारी संध्याकाळी गया भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. म्हणाली, "आज बाईला त्यांनी तोंडावर कुत्री म्हनलं."

"कुनी?"

"पारूनं. समद्या बाया हुत्या. येका कोपीतनं दुसऱ्या कोपीत हुंगत फिरनारी कुत्री, असं म्हनली. शेन फेकलं पातळावर."

"मग बाई काय म्हनली?"

"हासली. पाटावर जाऊन पातळ धुतलं आन् गेली." मग गया रडायला लागली. "माज्याच्यानं आता व्हत न्हाई. तुमी मला सवत म्हना, कायबी म्हना, मी गप बसंन. पर त्या बाईनं काय केलंय?"

मी ती भाकरी खाल्ली नाही. बुधवार यायचा तो लवकर येईना. आला तसा मी सगळ्यांच्या आधी बनात जाऊन बसलो. सुईबाई आली. तिनं डबीतून सुई काढली तसा मी म्हणालो, "बाई, मला समदं कळलंय. मी सांगनार हाय लोकास्नी."

"काय सांगणार?"

"मला टी.बी. हाय म्हून."

तिनं सुई खाली ठेवली. तिला रागावलेली मी पहिल्यांदा बघितली. "आणि मुकादमानं काढलं तर कुठं जाल? पुन्हा गाडी जुंपून निघाल आणि मी पुन्हा बैल विचारत फिरू? निम्म्यात सुया सुटल्या की हा रोग उलटतो. मग ह्या सुईलाही ऐकत नाही. मला काय म्हणायचं ते म्हणू द्या. तो शब्द मला नवा नाही."

"म्हंजी?"

मग तिनं सुई मारता मारता मला तो इंग्रजी शब्द सांगितला. तिसगावच्या दवाखान्यात एक गोरी डॉक्टरीणबाई होती. तिनं एकदा सुईबाईला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू डॉगेड आहेस. सुईबाईला डॉग कळत होतं. ती घरी जाऊन रडली होती. नोकरी सोडायची म्हणून दुसऱ्या दिवशी गेली, तर डॉक्टरीणबाईनं तिला खुर्चीवर बसवलं आणि मोठं पुस्तक उघडून समजावलं. शब्द कुत्र्यावरूनच आला आहे, त्यात काही खोटं नाही. आणि मुळात ती शिवीच होती. फार पूर्वी जो खुनशी, गुरगुरणारा, वाईट चालीचा, त्याला इंग्रज लोक डॉगेड म्हणायचे. शेकडो वर्षं तसंच चाललं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की कुत्र्याची दुसरीही एक चाल असते. एकदा माग धरला की ते सोडत नाही, एकदा दात रोवले की काठ्या घातल्या तरी जबडा उघडत नाही. तशा माणसाला लोक डॉगेड म्हणायला लागले, आणि शिवीची शाबासकी झाली.

"शब्द तोच राहिला," सुईबाई म्हणाली. "माणसं बदलली. इथल्याही बदलतील. वेळ लागेल."

"आमच्याकडं कुत्रं म्हनलं की डोकी फुटतात," मी म्हणालो. "आन् कुत्रं माग काढतं ते भाकरीसाठी."

"तुम्ही मला कुठली भाकरी घातलीत हो किसनराव? जीभ वर करा."

मी जीभ वर केली.  पण मनातून मला ते पटलं नव्हतं. शेकडो वर्षं थांबायला ती तयार होती. मी नव्हतो. माझा तो पिंड नाही.

रविवार आला. मी बनाकडं निघालो तर पाटाच्या पुलावर गर्दी. सुईबाईला अडवून धरलेली. पुढं पारू, हातात केरसुणी. बायकांच्या मागं मुकादम, दगडू त्याचं नाव, मोठा मिशाळ माणूस. तो तिला सांगत होता, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या दिसता. हितं बायामानसं नाराज हायती. आजपास्नं अड्ड्यावर पाय टाकायचा न्हाई."

"बरं," सुईबाई म्हणाली. छत्री पुलावर टेकवली आणि उभी राहिली.

"बरं म्हंजी जा की!"

"बरं."

पारू म्हणाली, "बगा, बगा, कशी हाय ती! लाज हाय का काय?" आणि तिनं केरसुणी उगारली.

मी मधे शिरलो.  म्हणालो, "ती माझ्यासाठी येती. मला सुई द्याया येती. मला टी.बी. हाय."

 मग मी जे आयुष्यभर भीत होतो ते डोळ्यांदेखत झालं. सगळी माणसं एक पाऊल मागं सरली. मुकादमानं उपरण्याचा पदर नाकाला लावला. पारूची केरसुणी खाली आली. गया गर्दीतून पुढं आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

मुकादम पदरातून म्हणाला, "येवडं दिवस समद्यांबरोबर जेवलास, पानी प्यालास, भाड्या? गाडी जुंप. आत्ताच्या आत्ता."

तेव्हा सुईबाई बोलली. एवढं लांब बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "मुकादम, ह्याच्या पोटात उन्हाळ्यापासून औषध आहे. ह्याच्यापासून आता कुणाला काही लागत नाही. जो खोकतो आणि सुई घेत नाही, त्याच्यापासून लागतं. ह्या माणसाला काढून तुम्ही रोग काढणार नाही. तो तुमच्या अड्ड्यावर आहे. मी रस्त्यानं येताना दर वेळी खोकला ऐकते. तिसऱ्या कोपीत."

सगळ्यांनी पारूकडं बघितलं. तिसरी कोपी तिची होती. तिचा नवरा त्या दिवशी अंग मोडलंय म्हणून फडावर गेलाच नव्हता.  पारू तशीच वळली आणि कोप्यांकडं गेली, जवळजवळ पळत.

मुकादमानं मला काढलं नाही. दया आली म्हणून नव्हे. ऊस उभा होता आणि भर हंगामात दुसरा कोयता मिळत नाही. पण आमची कोपी तिथून हलवली. रांगेच्या शेवटी, सगळ्यांपासून लांब, पाटाच्या कडेला. पाणी आम्ही खालच्या अंगाला भरायचं असं ठरलं. गयाशी बायका बोलेनात. रानात मला कुणी तंबाखू मागेना. मी म्हटलं, चुलत्याची जागा मला मिळाली. पहिले काही दिवस मला वाटायचं, बाईचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण सुईबाई आता सरळ अड्ड्यावरून यायची, भर दुपारी, छत्री उघडून, सगळ्या कोप्यांच्या समोरून. आमच्या कोपीत येऊन आमच्याच चुलीवर पाणी ठेवायची. आमच्याच तांब्यानं, वर धरून नव्हे, तोंड लावून पाणी प्यायची. सगळे बघत असायचे. ते बघावं म्हणूनच ती दार उघडं ठेवायची.

असं दोनतीनदा झालं आणि एका बुधवारी पारू आली. दारात उभी राहिली, आत आली नाही. तिच्या खांद्यावर हात टाकून नवरा उभा होता. नुसता हाडांचा सापळा. पारू म्हणाली, "बाई, मी तुमास्नी..."

"किती दिवस झाले खोकल्याला?" सुईबाईनं विचारलं, आणि गयाला म्हणाली, "पाणी जास्त ठेवा."

पारूचा नवरा वाचला नाही. फार उशीर झाला होता. पण हंगाम संपेपर्यंत त्या अड्ड्यावरची आणखी चार माणसं तिच्या सुईखाली आली, त्यात एक मुकादमाची लेक. पारूनं गावी जाताना गयाला पोटाशी धरलं. सुईबाईच्या पाया पडायला गेली तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी पातळावर शेण टाकलंत, ते डाग काही गेले नाहीत. गेले असते तर माफ केलं असतं." पारू घाबरली. मग सुईबाई हसायला लागली तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

पुढं दुष्काळ पडला. ऊसच नव्हता, तर तोड कुठली. आम्ही गावाकडंच रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. सुईबाईची आई अचानक बरी झाली आणि तीही तिसगावला परत आली. कामावर यायची, माझ्यासारख्याच चौघापाचांना गाठायची. नगरला नेऊन माझ्या छातीचा फोटो काढला, बेडका तपासला. त्या हिवाळ्यात एक दिवस तिनं मला गोळ्या दिल्या, जीभ बघितली, आणि म्हणाली, "संपलं. फोटो स्वच्छ आहे. आता मी येणार नाही."

मी म्हटलं, ठीक. सुटलो एकदाचा. पण दुसऱ्या आठवड्यात ती कामावर आली आणि माझ्या पुढून गेली. पलीकडं एका म्हाताऱ्यापाशी बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला कसंतरीच झालं. दीड वर्ष ज्या बाईच्या भयानं मी लपत फिरलो, ती आता मागं नाही म्हटल्यावर पाठ उघडी पडल्यासारखी वाटायला लागली. रोग परत आला तर? आता कोण ऐकणार? मी हातोडा ठेवला आणि खोकलो. मुद्दाम. चांगला छातीतून.

ती म्हाताऱ्याला तसंच टाकून उठली. खडीच्या ढिगाऱ्यावरून पळत आली, एक वहाण मागंच राहिली, तिच्या तळपायाला रक्त आलं. माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणाली, "पुन्हा खोका." मी खोकलो. तिनं कान लावला. तिला कळलं. ती तिथंच खडीवर खाली बसली. मला वाटलं आता तोंडात मारणार. गया शेजारून म्हणाली, "बाई, ह्यांना तुमची सवय झाली."

सुईबाईनं पदरानं पाय पुसला. म्हणाली, "किसनराव, ज्यांना खरा आहे ते लपवतात, म्हणून मला पळावं लागतं. तुम्ही खोटा खोकू नका. आणि खरा आला तर लपवू नका. एवढं दोन्ही केलंत तर मी तुमच्या मागं आहे असंच समजा."

पावसाळ्यात तिची बदली झाली. कुठं ते दवाखान्यात सांगितलं होतं, पण ते नाव मला तेव्हाही नीट कळलं नाही, लांबचं होतं. नंतर काही कळलं नाही. आज ती असायची नाही.

गया जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी आहे. म्हातारपणाचा खोकला मलाही येतो. एस.टी.त, लग्नात, देवळात, कुठंही आला तर मी तोंडावर उपरणं धरतो, पण तोंड फिरवत नाही. शेजारचा सरकून बसतो. सरकू दे. मी त्याला सांगतो, दवाखान्यात दाखवून आलोय, काही निघालं नाही. आणि मग तो खाकरला की त्यालाच विचारतो, तुला किती दिवस झाले खोकल्याला?